सडा म्हणजे पडीक जागा नव्हे

कोल्हापूरला समुद्र नाही, पण कोल्हापूरकरांची समुद्राची ओढ किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा कांकणभर अधिकच. जोडून सुट्टी आली की आंबा, अणुस्कुरा, फोंडा अशा घाटांतून आपल्या गाड्या कोकणात उतरतात. कार्यक्रम ठरलेला. गणपतीपुळ्याचे दर्शन, वाळूत पोरांचा दंगा, मासळीचे जेवण आणि येताना आंब्याची पेटी. समुद्र दिसण्याआधी आपली गाडी ज्या उघड्याबोडक्या काळपट कातळावरून धावते, त्याकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. हा कोकणातला सडा. अनेक ठिकाणी तो थेट समुद्रापर्यंत जातो आणि तुटलेल्या कड्याने खाली लाटांत संपतो. राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचे दर्शन घेऊन पुढे देवघळीच्या कड्यावर गेले की हे रूप नीट कळते.

समुद्र पाहावा तर अशा उंचीवरून. वाऱ्याची, क्षितिजाची आणि खाली फुटणाऱ्या लाटेची गंमत इथे एकदमच अनुभवता येते. अशा जागी कुटुंबाने जावे, मुलांना न्यावे, यात वाद नाही. वाद आहे तो जाऊन काय करावे याबद्दल.

आपल्याकडे एखादी जागा लोकांना आवडू लागली की तिचा ‘पॉइंट’ होतो. मग कड्यापर्यंत डांबरी रस्ता, सिमेंटचे ठोकळे, रंगीत छत्र्या, सेल्फीसाठी चौकट आणि चहा-भज्यांच्या गाड्या. भोवती प्लास्टिकचा खच. सरकारी कागदोपत्री सडा म्हणजे बहुधा पडीक जमीन. पडीकच आहे, तर तिथे काहीही करायला हरकत कसली, असा हा विचार. माझे म्हणणे असे, की सड्याला बाग करण्याची गरजच नाही. तो आहे तसाच पुरेसा आहे.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत पाहा. कातळावर जेमतेम बोटभर माती, पण तेवढ्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू फुलतात. मातीत कस नाही, म्हणून यांतल्या काही वनस्पती किडे पकडून आपली भूक भागवतात. शाळेच्या पुस्तकातली कीटकभक्षी वनस्पती मुलांना इथे पायाशी दिसते. दीपकाडीची एक जात तर कोकणच्या अशा सड्यांवरचीच. कातळातल्या डबक्यांत बेडूक वाढतात. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून मुरत खालच्या वाडीतल्या झऱ्या-विहिरींना मिळते. म्हणजे आपण ज्यावर गाडी घालतो, ते खालच्या गावाचे पाणलोट असते.

याच कातळावर प्राचीन माणसाने चित्रे कोरून ठेवली आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून ही कातळशिल्पे उजेडात आणली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. काही सड्यांवर आज कोकणात नसलेला गेंडाही आहे. २०२२ मध्ये यांतली ९ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हजारो वर्षे पावसाने जे पुसले नाही, ते एका रविवारी मोटारीच्या चाकांनी झिजावे, याला काय म्हणावे?

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. जांभ्याचा वरचा थर टणक, पण खालची माती मऊ. लाटा आणि पावसाचे पाणी ती पोखरतात आणि वरचा कातळ छज्जासारखा पुढे राहतो. पायाखाली दगड घट्ट वाटतो, खाली मात्र पोकळी असू शकते. फोटोसाठी एक पाऊल पुढे टाकणाऱ्याला ती दिसत नाही.

इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्टने १९६५ मध्ये लोकवर्गणी सुरू करून किनाऱ्याचे तुकडे विकत घेतले आणि बांधकामापासून वाचवले. तिथल्या अनेक कड्यांवर सजावटीपेक्षा पायवाट आणि कडेपासून दूर राहा अशी पाटीच अधिक दिसते. आपल्याला तेवढेही पुरे. गाड्या रस्त्यालगत थांबाव्यात, पुढे चालत जावे. कड्यापासून सुरक्षित अंतरावर एकच आखलेली वाट असावी. स्वच्छतागृह असावे, पण गावालगत. वाहनतळाचे पैसे ग्रामपंचायतीला मिळावेत आणि वाट दाखवायला गावातलीच मुले असावीत. गावाला चार पैसे मिळाले, तर सडा खाणीला विकण्याचा मोहही कमी होईल.

हे फक्त कोकणवासीयांना सांगायचे नाही. पन्हाळ्याच्या आणि मसाई पठाराच्या माथ्यावरही हाच जांभा आहे. पन्हाळा तर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. झुणका-भाकरी खाऊन कागद तिथेच टाकणारे आपणच, आणि घाट उतरल्यावर सड्यावर गाडी घालणारेही आपणच. पाहुण्याने यजमानाच्या अंगणात चपला घालून फिरू नये, हे आपल्याला घरात शिकवलेले असते. सडा हे कोकणच्या घराचे अंगणच आहे.