गाडी उतरते, पार्ट उतरत नाही

चाकणच्या मार्केट यार्डात कांद्याच्या पिशव्या उतरवणाऱ्या पिकअपशेजारी हल्ली एखादी महागडी जर्मन गाडीही उभी दिसते. एमआयडीसीत जमीन गेली, मोबदला आला आणि दारात गाडी आली, हे खेड तालुक्याला आता नवे नाही. हौस करू नये असे कोण म्हणेल? पण कामानिमित्त गावोगाव फिरताना अशी गाडी दोन-तीन वर्षांनी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेलीही दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले. "साहेब, काम निघालंय. पार्टच परवडंना."

मर्सिडीज-बेंझने 1995 मध्ये पिंपरीत गाड्या जोडायला सुरुवात केली आणि 2009 मध्ये कारखाना चाकणला आणला. त्यामुळे 'गाडी आपल्या दारात बनते, पार्ट स्वस्तच मिळणार' असा अनेकांचा समज होतो. पण अशा गाड्यांचे बरेच महत्त्वाचे भाग परदेशातून येतात व इथे जोडले जातात. बिलात भागाच्या किमतीबरोबर वाहतूक आणि आयात शुल्कही येते.

खरी फसगत होते ती जुन्या गाडीत. समजा 60 लाखांची गाडी आठ वर्षांनी 12 लाखांना मिळाली. गिऱ्हाईक खूश! पण उतरली ती गाडीची किंमत. तिचा हेडलाइट, गिअरबॉक्स किंवा हवेवर चालणारे सस्पेंशन बदलायचे झाले तर भाव 60 लाखांच्या गाडीचाच लागतो. त्यात चाकण-तळेगाव आणि चाकण-शिक्रापूर रस्त्यांवरचे खड्डे. बुटक्या गाडीचा ऑइल चेंबर घासायला आणि पातळ कडेचा टायर फुटायला वेळ लागत नाही. संकरित गाय घेताना आम्ही सांगतो, किंमत बघू नका, रोजचा चारा, पेंड आणि डॉक्टर परवडेल का ते बघा. गाडीचेही तसेच आहे.

दुसरे कारण मक्तेदारीचे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. टाटा, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन या आपल्या पट्ट्यातल्या कंपन्याही त्यात होत्या. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजला सहज मिळू देत नाहीत, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. पुढे अपिले झाली, प्रकरण कोर्टकचेरीत गेले. केंद्र सरकारने 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हा उपक्रम सुरू केला. त्यात मोटारींबरोबर शेती अवजारेही आहेत. म्हणजे हा प्रश्न फक्त शौकिनांचा नाही, ट्रॅक्टरवाल्याचाही आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून मोटारींच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. दिलासा आहे, पण थोडा. 1 लाखाचा पार्ट करासह 1 लाख 28 हजारांना पडायचा, तो 1 लाख 18 हजारांना पडेल. मूळचे 1 लाख कुठे कमी झाले?

विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. साध्या पॉलिसीत अपघातात बदललेल्या रबर-प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. झिजेमुळे वा आपोआप झालेला बिघाड विम्यात बसत नाही. इंजिनात पाणी शिरून झालेल्या नुकसानीसाठीही वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

तेव्हा जुनी गाडी घ्यायचीच असेल तर आधी एवढे करा. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागा. जाणत्या फिटरकडून स्कॅनर लावून गाडी तपासून घ्या. हेडलाइट, सस्पेंशन, गिअरबॉक्स आणि चार टायर यांचे भाव शोरूममधून लेखी घ्या. त्यांची बेरीज गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल तर सरळ माघारी फिरा. आणि निर्णय घेताना घरातल्या बायामाणसांनाही विचारा, कारण मोबदल्याचे पैसे सगळ्या घराचे असतात. सातबाऱ्यावरून एकदा नाव गेले की तसा पैसा दुसऱ्यांदा येत नाही.