मिक्सवाल्यांना उत्तर

अंधेरी-बोरिवलीत किंवा घाटकोपर-मुलुंडला पाळीव प्राण्यांच्या दुकानात जाऊन गिनी पिगसाठी खाद्य मागितलं, की बहुतेक वेळा एक रंगीबेरंगी पिशवी पुढे येते. सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, थोडे शेंगदाणे, लाल-पिवळ्या चकत्या आणि तळाशी करड्या-हिरव्या पेलेट. दुकानाच्या भाषेत हे ‘मिक्स’. त्याची बाजू घेणारे चार युक्तिवाद करतात. चारही टिकणारे नाहीत. आणि त्यांना विरोध म्हणून ‘बाजारचं काहीच नको’ असं म्हणणारेही तितकेच चुकतात.

पहिला युक्तिवाद विविधतेचा. ‘आपण तरी रोज एकच भाजी खातो का?’ पण गिनी पिग मिक्स सगळं खात नाही, निवडून खातो. बिया आणि गोड चकत्या आधी संपतात, पेलेट उरतात. मालक उरलेलं टाकून वाटी पुन्हा भरतो. पाकिटावर छापलेली पोषणमूल्यं अख्ख्या पिशवीची असतात, पोटात जाते ती फक्त चरबी आणि पिष्ट. घाटकोपरचं फरसाण कितीही खमंग असलं तरी दोन्ही वेळचं जेवण म्हणून कुणी वाढत नाही. शिवाय गिनी पिगचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजतात गवत आडवं, रवंथ केल्यासारखं चघळल्याने. बी दोन चाव्यांत फुटते, दाढांना काम उरत नाही. मग दाढांना टोकं येतात, जीभ-गाल सोलवटतात आणि प्राणी खाणं सोडतो. या प्राण्याचं पोट रिकामं राहिलं की आतड्यांची हालचालच मंदावते. एका दिवसाचा उपासही त्याच्या जिवावर बेतू शकतो.

दुसरा युक्तिवाद चित्राचा. ‘पाकिटावर ससा आहे, हॅमस्टर आहे, गिनी पिग आहे, म्हणजे सगळ्यांना चालतं.’ हॅमस्टर दाणे आणि किडे खाणारा. ससा क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो. गिनी पिगला माणसासारखंच ते बाहेरून घ्यावं लागतं. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी 1907 साली दाखवून दिलं होतं की नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगला स्कर्व्ही, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, होतो. शतकभरापूर्वी सिद्ध झालेली गोष्ट आपण आजही धान्याची पिशवी विकत घेऊन नव्याने सिद्ध करतो आहोत. गिनी पिगचा दूरचा नातलग, चिलीचा डेगू, तर साखरेच्या बाबतीत फारच नाजूक. गोड खाण्याने त्याला मधुमेह होतो आणि पाठोपाठ मोतीबिंदू. मुंबईत डेगू विरळाच, पण ज्याच्या घरी असेल त्याने मळी घातलेली पेलेटसुद्धा दारात आणू नये.

तिसरा युक्तिवाद किमतीचा. ‘परदेशी आहे, महाग आहे, म्हणजे उत्तमच.’ किमतीत जहाजाचं भाडं असतं, आयात शुल्क असतं, दुकानाचा नफा असतो. तंतूंचं प्रमाण त्यातून कळत नाही. क जीवनसत्त्व उष्णता, दमटपणा आणि काळ या तिन्हींनी घटतं. साधारणपणे खाद्य तयार झाल्यापासून तीन महिनेच त्याचा भरवसा धरतात. समुद्र ओलांडून, गोदामात थांबून, दुकानाच्या फळीवर आलेल्या पाकिटात ते किती उरलं असेल? उघड्या पोत्यातून सुट्टं विकलं जाणारं खाद्य तर त्याहून वाईट, कारण त्याला तारीखच नसते. आपल्या पावसाळ्यात शेंगदाणा आणि मका यांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या त्या बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने. अफ्लाटॉक्सिन हे विष तेव्हाच्या शोधातूनच सापडलं.

चौथा युक्तिवाद हताशपणाचा. ‘मुंबईत गवत मिळतंय कुठे?’ गोरेगावच्या आरे वसाहतीत म्हशींसाठी पॅरा गवत पिकवलं जातं. उपनगरांतल्या उरल्यासुरल्या तबेल्यांत हिरवा चारा रोज उतरतो. देवळाबाहेर गाय घेऊन बसलेल्या बायकांकडे पेंढ्या असतात, फुलवाल्यांकडे दूर्वा असतात. दूर्वा म्हणजे आपली हरळी, गिनी पिगला चालणारं उत्तम गवत. फक्त नाल्याकाठचं, रस्त्याकडेचं, फवारलेलं गवत नको, आणि आणलेलं धुऊन, पाणी निथळून द्यावं. परवडत असेल त्याने वाळलेलं टिमथी गवत घ्यावं.

आता दुसरी बाजू. ‘पाकीट नकोच, घरचं द्या’ म्हणणारे चपाती, ब्रेड, भिजवलेले चणे, बिस्किटं आणि गाजरं देतात. गिनी पिगचं अन्न मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या मोठ्या पिशवीत जंतूंकरवी आंबतं. तिथे पिष्ट आणि साखर पोचली की नको ते जंतू माजतात, पोट फुगतं. घरचं म्हणजे सात्त्विक, हा नियम माणसाच्या पानापुरता ठीक आहे. चांगली पेलेट खनिजांची आणि जीवनसत्त्वांची जी किमान हमी देते, ती भाजीच्या देठांवर भागवणाऱ्या घरात मिळत नाही.

म्हणून माझा पक्ष असा: गवत चोवीस तास, हवं तेवढं. धुतलेली कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीच्या दोन-तीन फोडी रोज. पेलेट मोठा चमचाभर, त्याहून जास्त नाही. पेलेट निवडताना सगळे तुकडे एकाच रंगाचे आणि एकाच आकाराचे असावेत. घटकांत पहिलं नाव गवताचं असावं. तंतू अठरा टक्क्यांच्या आसपास किंवा वर, क जीवनसत्त्वाचा स्पष्ट उल्लेख, बिया-मळी-रंग काहीही नाही. लसूणघासाच्या पेलेट सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मादीला. मोठ्या प्राण्याला त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होऊ शकतात. पिशवी लहान घ्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत, थोडं थोडं करून.

हे महाग पडेल अशी ओरड होईल. पेलेट चमचाभरच लागते, मिक्स मात्र वाटी भरभरून जातं; फरक तिथेच भरून निघतो. दुकानदाराला दोष देऊन काही होणार नाही, गिऱ्हाईक मागेल तेच तो ठेवणार. तेव्हा पिशवी हातात आली की तयार झाल्याची तारीख आणि तंतूंची टक्केवारी विचारा. दोन्ही दाखवता येत नसतील तर पिशवी परत करा आणि त्या पैशांचं गवत घ्या.