इंजिन बंद पडलं? आधी विचारा, मग उघडा!



आज एका वाचक दोस्ताचा प्रश्न घेऊ या. त्याच्या मामांकडे रेडिओवर चालणारं छोटं हेलिकॉप्टर आहे. बॅटरीचं नव्हे बरं का, खरंखुरं इंजिन असलेलं! हल्ली बहुतेक अशी हेलिकॉप्टरं बॅटरीवर उडतात, पण इंजिनाची हौस असणारी माणसं अजूनही आहेत. तर, हे हेलिकॉप्टर सुरू छान होतं, वर उठतं आणि दोन-तीन मिनिटांत त्याचं इंजिन गप्प होतं. दोस्त लिहितो, "सर, असं का होतं? मामा म्हणतात, तूच काहीतरी फिरवलं असशील."

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मला आमच्या अंतरवाली सराटीतली एक गोष्ट आठवली. आधी ती ऐका.

आमच्या अंबड तालुक्यात कपाशी भरपूर. फवारणीच्या दिवसांत पेट्रोलवर चालणारे पाठीवरचे पंप शिवारभर घुमत असतात. त्यांतल्या बऱ्याच पंपांचं इंजिन दोन स्ट्रोकचं असतं, म्हणजे पेट्रोलमध्येच मापानं ऑइल मिसळावं लागतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरचा पंप असाच पाच-सहा मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. पेट्रोल-ऑइल मिसळायचं काम त्या मुलाकडे होतं. मग काय! "पोरानं माप चुकवलं," असं ठरूनच गेलं. एकानं प्लग साफ केला, दुसऱ्यानं स्क्रू फिरवला, तिसऱ्यानं कार्बोरेटर उघडला. पंप सुरू झाला. सगळे खूश! पाच मिनिटांनी पुन्हा बंद. मुलाचा कान पिळला गेला. मी तिथंच उभा होतो. खरं सांगतो, मीही मान डोलावली.

तेवढ्यात मुलाची आजी म्हणाली, "आरं, पण त्याला इचारा तरी. रोज त्योच हाताळतो ना?"

मुलगा डोळे पुसत म्हणाला, "टाकीचं झाकण उघडलं की लगेच चालू होतंय. लावलं की परत बंद पडतंय."

झालं! झाकणाला एक बारीक भोक असतं. ते मातीनं गच्च बुजलं होतं. टाचणीनं मोकळं केलं, आणि पंपानं दिवसभर कुरकूर केली नाही. आम्ही सगळे इंजिनाकडे बघत बसलो होतो आणि ज्याला सगळ्यांत जास्त माहीत होतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

त्या भोकाचं काम काय? घरीच बघा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. थोडं पाणी गळेल आणि धार थांबेल. झाकण सैल करा, धार पुन्हा सुरू! हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. पेट्रोलचंही तसंच.

आता मामांचं हेलिकॉप्टर. त्याच्या छोट्या इंजिनात पेट्रोल नसतं. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण असतं. त्या तेलात बऱ्याचदा आपलं एरंडेलही असतं! या इंजिनात ठिणगीही नसते. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं असतं. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीनं ते लाल तापवायचं आणि मग बॅटरी काढून घ्यायची. पुढं इंजिनातली उष्णता आणि प्लॅटिनमशी होणारी मिथेनॉलची क्रिया यांनी ते तापलेलंच राहतं.

म्हणून पहिला प्रश्न : इंजिन बंद कधी पडतं? बॅटरी काढताक्षणी पडत असेल, तर प्लग खराब असेल किंवा इंधन फार जास्त जात असेल. पण दोस्ताचं इंजिन दोन-तीन मिनिटं चालतं. मग दुसरा प्रश्न : बंद पडण्याआधी काय होतं? आवाज बारीक, कर्कश होत गेला आणि मागचा पांढरा धूर दिसेनासा झाला, तर समजायचं, इंजिन उपाशी आहे. हवा पुरेशी मिळते, इंधन कमी पडतं.

उपाशी का? सोपं आधी, अवघड नंतर, या क्रमानं पाहायचं.

१) सायलेन्सरपासून टाकीपर्यंत एक नळी असते. धुराच्या दाबानं ती इंधन पुढं ढकलते. ती निसटली आहे का?

२) इंधनाच्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात का? दिसले, तर कुठंतरी बारीक भोक आहे.

३) गाळणीत कचरा अडकला आहे का?

४) इंजिनाला हवा घालणारा छोटा पंखा नीट फिरतो का? विमान पुढं जातं, त्याच्या इंजिनाला वारा आपोआप लागतो. हेलिकॉप्टर एका जागी तरंगतं, म्हणून त्याला वेगळा पंखा लागतो. तो बिघडला की इंजिन तापून बंद पडतं.

५) हे सगळं ठीक असेल, तरच इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईला हात लावायचा. एका वेळी एकच टक् फिरवायची आणि पुन्हा चालवून पाहायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर इंजिन सुरू झालं तरी दोष कशात होता ते कळत नाही.

आणि हो, हे सगळं मामांच्या हातून. तुम्ही लांब उभं राहून वहीत लिहा. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात. त्याची ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. फिरत्या पात्यांपाशी तर कुणीच जायचं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या एका हुशार तरुणानं स्वतःच्या हातांनी एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना मागचं पातं तुटून मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्यात तो गेला. त्याच्या बुद्धीला नमस्कार करू या आणि पात्यांपासून लांब राहू या.

वहीत तीन रकाने आखा : काय झालं, काय बदललं, मग काय झालं. घरातली सायकल, मिक्सर, सायरन न वाजणारी खेळण्यातली गाडी, काहीही बिघडलं तरी हेच तीन रकाने कामी येतात.

आणि दोस्ता, हा लेख मामांनाही वाचायला दे. दोष कुणाचा ते मागाहून ठरवता येईल. आधी दोष कुठं आहे, ते दोघं मिळून शोधा.