वाणिज्याची वाट अकरावीतच अडते

दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी एक लहानशी वाटणारी निवड करावी लागते. गणित व संख्याशास्त्र घ्यावयाचे, की चिटणिसाची कार्यपद्धती? गणित अवघड, दुसरा विषय पाठांतराने सुटणारा, असा हिशेब करून ग्रामीण भागातील पुष्कळ मुले गणिताला रामराम ठोकतात. या निवडीने पुढील कोणते दरवाजे बंद होतात, हे त्यांना त्या दिवशी कोणीही सांगत नाही. शिक्षणातील विषमता केवळ शुल्कात नसते. ती माहितीतही असते, हे आपण पुरेसे ओळखलेले नाही.

मुळशी तालुक्यात हा प्रश्न विशेष बोचतो. १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह करणाऱ्या मावळ्यांच्या जमिनी बुडवून टाटांची वीज मुंबईस गेली. आज त्याच तालुक्यात हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल उभे आहे. लवळ्याच्या हद्दीत सिंबायोसिस आणि फ्लेम ही खाजगी विद्यापीठे आहेत. ज्या भूमीवर व्यवस्थापनाचे शिक्षण दिले जाते, त्या भूमीच्या मुलाने तेथे केवळ पहारेकरी म्हणून उभे राहावे काय?

पदवी स्तरावरील व्यवस्थापन शिक्षणाचे नियम अलीकडे बदलले आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आदी अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि महाराष्ट्र शासनाने मे २०२४ मध्ये त्यांच्यासाठी प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा घेतली. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यास ती देता येते, हे खरे. परंतु प्रश्नपत्रिका इंग्रजीत, आणि भर इंग्रजी भाषा व तर्कक्षमता यांवर. मराठी माध्यमाच्या मुलाची दमछाक येथेच सुरू होते. काही महाविद्यालयांनी पदवीचे नाव बदलून तोच अभ्यासक्रम या परीक्षेबाहेर ठेवला; नाव वेगळे म्हणजे प्रवेशाची वाट वेगळी, हेही पालकांना ठाऊक नसते. सिंबायोसिसच्या प्रवेश परीक्षेत आकडेमोडीची कसोटी असते. दिल्ली विद्यापीठात बीएमएस किंवा अर्थशास्त्राची विशेष पदवी हवी असेल, तर केंद्रीय प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो. प्रवेश मिळाला तरी पुढे संख्याशास्त्र आणि वित्तव्यवहार हे विषय सुटत नाहीत. अकरावीत सोडलेले गणित बारावीत परत धरणे मात्र दुष्कर असते.

भांडवलदारांचे कारभारी घडविणाऱ्या शिक्षणाची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी, असा आक्षेप काही साथी घेतील. त्यांनी प्रवरेचा इतिहास आठवावा. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्यांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ उभा होता. १९६५ च्या बोनस कायद्याने कामगाराची मागणी कंपनीच्या ताळेबंदाशी जोडली. तो ताळेबंद वाचणारा आपला माणूस नसेल, तर मालकाचा आकडाच अखेरचा ठरतो. दूध संस्था, पतसंस्था, बचत गट यांचे हिशेब दुसऱ्याच्या हाती सोपवून कष्टकऱ्यांची सत्ता येत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. तालुक्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेस गणिताचा पर्याय प्रत्यक्षात उपलब्ध असावा. एका ठिकाणी शिक्षकाचे पद परवडत नसेल, तर शासनाने दोन महाविद्यालयांत मिळून एक शिक्षक द्यावा. राज्याची सामाईक परीक्षा मराठीतूनही देता आली पाहिजे. राज्य शासनाच्या परीक्षेने राज्याच्या भाषेला दाराबाहेर उभे करणे असमर्थनीय होय.

परंतु शासन जागे होईपर्यंत मुलांची वर्षे थांबत नाहीत. कार्यकर्त्यांनी दहावीच्या परीक्षेपूर्वीच पौड, पिरंगुट, माले या भागांत पालकांच्या सभा घ्याव्यात आणि विषयनिवडीचे परिणाम सोप्या भाषेत सांगावेत. ज्यांनी गणित सोडले आहे, त्यांनी निराश होऊ नये. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्त्यांचे वाचन यांचा दोन वर्षे नियमित सराव आणि रोज एक पान इंग्रजी वाचन एवढ्यानेही पुष्कळ अंतर कापता येते. उत्पन्न, अधिवास व जातवैधतेचे दाखले बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच मिळवावेत. दाखल्याअभावी हक्काची जागा गेल्यास गुणवत्ता कामी येत नाही.

सभेसाठी सतरंजी, फळा आणि दोन जाणकार शिक्षक पुरेत. एवढेही आपण करणार नसू, तर समान संधीच्या ठरावांना काही अर्थ उरणार नाही.