किनाऱ्यावरून : स्मृतिचषक

भातकापणी उरकली, झोडणी झाली, की आमच्या किनाऱ्यावर सामन्यांचे दिवस सुरू होतात. रेवसपासून मुरुडपर्यंत एस.टी.ने जाऊन पाहा. नाक्यानाक्यावर कबड्डीचे, नाहीतर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे फलक दिसतील. (जिल्ह्याचे नाव १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले, हुतूतूचा नाद त्याहून पुष्कळ जुना!) फलकाच्या कोपऱ्यात बहुधा एक फोटो असतो. नुकते मिसरूड फुटलेला, डोळ्यांवर गॉगल चढवलेला एखादा पोरगा. खाली ‘कै.’, मग नाव, मग ‘स्मृतिचषक’. कुणी महामार्गावर गेलेला असतो, कुणी दर्यावर, कुणी चार दिवसांच्या तापाने. वय छापलेले नसते. फोटो पाहिल्यावर ते विचारावेही लागत नाही.

आमच्या किनाऱ्याची ख्याती काही फुटबॉलची नाही. तरी हे फलक पाहिले की मला इंग्लंडातले डडली हे गाव आठवते. तिथला डंकन एडवर्ड्स अठराव्या वर्षी इंग्लंडकडून खेळला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिकला मँचेस्टर युनायटेडचे विमान कोसळले. डंकनने पंधरा दिवस झुंज दिली आणि २१ तारखेला तो गेला. वय अवघे एकवीस! गावाने काय केले? १९६१ साली तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याच्या नावाने रंगीत काचांच्या खिडक्या बसवल्या. त्यांत हा गडी चक्क फुटबॉलच्या पोशाखात आहे, संतांच्या शेजाराला! बाजारपेठेत पुतळा उभा राहिला तो मात्र १९९९ साली. त्याचे अनावरण झाले तेव्हा त्याची म्हातारी आई हजर होती.

पण मला खिडकीपेक्षा आणि पुतळ्यापेक्षा त्याचे वडील अधिक आठवतात. मुलगा गेल्यावर ते कारखाना सोडून दफनभूमीत माळ्याच्या कामाला लागले. त्याच दफनभूमीत डंकनची कबर. लोकांना वाटे, पोरासाठीच आले. ते म्हणत, तसे काही नाही. मला फुलझाडांची आवड, उघड्यावर काम हवे होते. बापमाणसाने याहून वेगळे काय सांगायचे?

आमच्याकडे बापाला व्यासपीठावर बसवतात आणि आईच्या हातून चषक देववितात. दरसाल! मी पाहिलेल्या एका सामन्यात रात्रीचे दोन वाजून गेले होते. ती बाई डोक्यावरचा पदर सावरीत खुर्चीच्या कडेला बसलेली. पुकारणारा देणगीदारांची नावे घेतोय, संपता संपत नाहीत. शेवटी चषक तिच्या हाती आला. जिंकलेल्या संघाचा कप्तान वाकून तिच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो लवकर काढला नाही. पोरगा अवघडला, पण तसाच वाकून राहिला. माझ्या मते त्या रात्रीचा खरा मान तो, बाकी सगळी रोषणाई.

आता तक्रार सांगतो. साल उलटते तसा फलकावरचा फोटो लहान होत जातो आणि देणगीदारांचे मोठे. पैसे लागतात, हे कबूल. मॅट, दिवे, मंडप फुकट येत नाहीत. पण तो पोरगा खेळायचा कसा, हे पहिल्या वर्षापासूनच कुठे लिहिलेले नसते. डडलीच्या काचेत निदान खेळाडू दिसतो; आमच्या फलकावर नुसता गॉगल.

आणि जो आपल्या गावापासून दूर गेला, त्याचे काय? ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर गोव्याच्या डेम्पोकडून खेळत असे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. दोन्ही गोल त्यानेच केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो पुन्हा उठला नाही. वय पंचवीस. डेम्पोने त्याचा दहा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही असे ठरवले. परक्या मुलखात त्याच्या अंगावरचा सदरा तरी त्याच्या नावे राहिला!

म्हणून मंडळांना माझी एक सूचना आहे, आणि तिला खर्च नाही. यंदाच्या हस्तपत्रकावर नावाखाली दोन ओळी छापा : गडी कुठल्या कोपऱ्याला उभा राहायचा, घोटा कसा धरायचा, चढाईला कुठल्या अंगाने शिरायचा, कुणाकुणाला त्याची हूल कधी कळलीच नाही. माहिती हवी तर संध्याकाळी देवळाच्या पारावर जा. त्याच्याबरोबर खेळलेले दोघे-तिघे तिथे असतात. मात्र कागद-पेन्सिल न्या. एक म्हणेल डाव्या अंगाने, दुसरा म्हणेल उजव्या, आणि उठायला रात्र होईल.