लेक जपानच्या गावात शिक्षिका. साताऱ्याच्या आईवडिलांना तिच्याकडे किती दिवस राहता येतं?

भारत आणि जपाननं ऑगस्ट २०२५ मध्ये एक करार केला. पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून ५ लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात ५० हजार कुशल भारतीय जपानला जावेत, असं त्यात ठरलं. तेव्हापासून 'जपानला चला' सांगणाऱ्या रील्स तुम्हालाही दिसत असतील. जायचं कसं हे सगळे सांगतात. पण पोरगी तिकडे गेल्यावर आईवडिलांनी तिला भेटायला कसं जायचं, याचं उत्तर कुणी देत नाही.

सातारा-सांगलीला परगावी गेलेल्या माणसांकडे जायची सवय जुनी आहे. माण-खटावची माणसं मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत गेली. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायला, पार तामिळनाडू-केरळपर्यंत पांगली. घरच्यांना भेटावंसं वाटलं की पिशवी उचलायची आणि एसटी किंवा रेल्वे पकडायची. महिनाभर राहिलं तरी कुणी कागद मागत नव्हतं.

जपानचं तसं नाही.

शिक्षक गावाकडेच का जातात?

जपान सरकारचा 'जेट' नावाचा कार्यक्रम १९८७ पासून सुरू आहे. परदेशी तरुण त्यातून सरकारी शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक होतात. सध्या सुमारे ५० देशांतले साडेपाच हजारांहून जास्त लोक त्यात आहेत. निम्म्याच्या आसपास अमेरिकेतले, भारतीय मोजकेच. करार एका वर्षाचा, फार तर पाच वर्षं वाढतो. कुठल्या गावात नेमणूक होईल हे आपल्या हातात नसतं, आणि अनेकांच्या वाट्याला डोंगरातलं नाहीतर समुद्रकाठचं छोटं गाव येतं. एकच शिक्षक दोन-तीन शाळा सांभाळतो, हेही नेहमीचं.

मराठी माणूस त्याही पुढे गेलाय. पुण्याचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डातून नगरसेवक झाले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक. पण त्यांनी जपानचं नागरिकत्व घेतलंय. करारावर गेलेल्या पंचविशीतल्या शिक्षिकेची गोष्ट वेगळी.

व्हिसा कुठला?

एप्रिल २०२४ पासून भारतीयांना जपानचा ई-व्हिसा मिळतो. तो ९० दिवसांपर्यंतचा, पण फक्त पर्यटनासाठी. लेकीकडे राहायला जायचं असेल तर नातेवाइकांच्या भेटीचा व्हिसा हा सरळ रस्ता. त्यासाठी लेकीनं तिकडून निमंत्रणपत्र, दिवसवार कार्यक्रम आणि रहिवासाचा दाखला पाठवायचा. आपण इकडून नातं सिद्ध करायचं.

नातेवाईक कोण, हेही ठरलेलं आहे. आईवडील, आजी-आजोबा, भावंडं, काका-मामा, आत्या-मावशी चालतात. चुलतभाऊ यात बसत नाही, त्याला मित्रांच्या रांगेत उभं राहावं लागतं! आपल्याकडे हे पटवून सांगणं व्हिसा मिळवण्यापेक्षा अवघड.

खरी गाडी अडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे नावं. जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं, स्पेलिंग तिसरं. हे आधी दुरुस्त करून घ्या.

दुसरं म्हणजे पैसे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं. सातबारा कितीही मोठा असला तरी बँकेत रोख किती आहे हे त्यातून दिसत नाही. मग खर्चाची हमी लेक घेते. पण तिथल्या कराच्या दाखल्यावर आधीच्या वर्षाचं उत्पन्न येतं, आणि जेटचे बरेच शिक्षक जुलै-ऑगस्टमध्ये पोचतात. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत तिच्याकडे दाखवण्यासारखा दाखलाच नसतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी घाई करू नये.

आणि कायमचं राहायचं असेल तर?

भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा. अमेरिकेसारखं 'सहा महिने राहून या' इथं नाही. शिक्षिकेला नवरा आणि मुलं सोबत ठेवता येतात, आईवडील नाहीत. नव्या करारानंतर ज्या 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसाची सगळ्यात जास्त जाहिरात होतेय, त्याच्या पहिल्या श्रेणीत तर नवरा-बायकोलाही नेता येत नाही.

एक अपवाद आहे. 'अतिकुशल व्यावसायिक' या गुणांवर मिळणाऱ्या दर्जात आईवडिलांना बोलावता येतं. पण घरात सात वर्षांखालचं मूल हवं किंवा गरोदरपण, आणि घराचं वार्षिक उत्पन्न किमान ८० लाख येन. जेटच्या शिक्षकाचा पहिल्या वर्षाचा पगार २०२५ पासून ४०.२ लाख येन आहे. म्हणजे बरोबर निम्म्यावर गाडी थांबते. शिवाय ही सवलत नातवंडं सांभाळण्यासाठी आहे. म्हाताऱ्या आईला कुणी सांभाळायचं, यासाठी नाही.

गंमत बघा, हा देश माणसांसाठी आसुसलेला आहे. २०२३ च्या पाहणीत तिथं ९० लाख घरं रिकामी निघाली. २००२ ते २०२० या काळात जवळपास ९ हजार सरकारी शाळा बंद पडल्या. एका विद्यार्थिनीसाठी रेल्वे स्टेशन सुरू ठेवल्याची व्हायरल गोष्ट तुम्ही वाचली असेल. होक्काइदोतलं ते स्टेशनही मार्च २०१६ मध्ये बंद झालं. जावळी-पाटणच्या वाडीतून गेलेल्या आईवडिलांना लेकीची दहा पोरांची शाळा फारशी परकी वाटणार नाही. महाराष्ट्रातही २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा सुमारे १५ हजार आहेत.

जायचं कधी?

साकुरा मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो आणि तेव्हाच शाळेचं वर्ष संपून सुट्टी असते. पण तासगावची द्राक्षं आणि उसाची तोडही त्याच सुमारास. मे बरा, फक्त २९ एप्रिल ते ५ मे टाळा, तेव्हा तिथं सगळ्या देशाला सुट्टी असते. प्रवास विमा इथूनच काढा, कारण भेटीवर आलेल्यांना तिथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही. रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये महागला. सात दिवसांचा २९,६५० येनचा ५० हजार झाला. तो फक्त पाहुण्यांसाठी असतो, लेकीचं तिकीट वेगळं काढावं लागेल.