'विथ' की 'टू'?

इंग्रजी सुधारावे म्हणून मराठी व्याकरणाचा तास कमी करावा, असे काही पालक सुचवतात. आम्हाला ते पटत नाही. 'सीतेचे लग्न रामाशी झाले' हे मनात धरून मुले 'मॅरीड विथ' लिहितात. इंग्रजीला 'मॅरीड टू' हवे. 'विषयी चर्चा'मुळे 'डिस्कस अबाउट' येते, तिथे तर शब्दयोगी अव्ययच नको! उलट 'गाणे ऐकतो' म्हणताना आपण प्रत्यय लावत नाही, म्हणून 'लिसन'नंतरचा 'टू' गळतो. 'च्यावर अवलंबून' आणि 'डिपेंड ऑन' मात्र सुदैवाने जुळतात. मराठीतला 'शी' ज्याला ओळखता येतो, त्यालाच आपली चूक कुठून आली ते कळते. नुसत्या लाल रेघेने कळत नाही. इंग्रजी क्रियापद अव्ययासकट पाठ करून घ्यावे आणि मराठीचा तास आहे तेवढाच ठेवावा, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे.